मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या लिएजच्या किल्ल्यांचं काँक्रीट फुटलं, फ्रान्सचा दुओमों किल्ला टिकला, नेमकं कशामुळे?

बेल्जियन लष्करी अभियंता ब्रियालमोंने लिएजभोवती बांधलेले 12 किल्ले 21 सेंमी तोफगोळ्यांच्या हिशेबाने होते. काँक्रीटमध्ये सळई नाही. शिवाय रात्री काम थांबे, त्यामुळे दोन थरांतला सांधा कच्चा. 15 ऑगस्ट 1914 ला 42 सेंमीचा गोळा त्यातल्या लोन्सँ किल्ल्याच्या दारूकोठारात फुटला आणि किल्लाच उडाला. व्हर्दँच्या दुओमोंवरही 42 सेंमीचे गोळे पडले, पण तो तगला. तिथे दगडी कमानीवर वाळूचा थर, त्यावर काँक्रीट.

प्रश्न वाळूचा आहे. ती धक्का पसरवते, की कमान आणि काँक्रीट वेगळं ठेवून तडा खाली जाऊ देत नाही? की खरा फरक सळईचाच? (धूर आणि कोंदट हवेने लिएजची शिबंदी आधीच बेजार होती, तो मुद्दा वेगळा.) स्थापत्यवाल्यांनी जरूर सांगावं. छेदाचे नकाशे असतील तर उत्तमच.