मदत हवी आहे : सिनेमाच्या तुकड्यावर वऱ्हाडी डबिंग, दोन कॉपीराइट क्लेम (हक्काचे दावे) आलेत

इतवारीकर :
यूट्यूबवर 50 सेकंदांचा शॉर्ट आहे. हिंदी सिनेमातला प्रसंग, मूळ आवाज काढून वऱ्हाडी संवाद, मागे मारबतीच्या (नागपूरचा पुतळ्यांचा उत्सव) मिरवणुकीत टिपलेलं डीजेचं गाणं. तुकडे 10-10 सेकंदांचेच, सिनेमाला श्रेयही दिलंय. क्लेमवर डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाकू का?

संत्र्याची फोड :
थांबा भाऊ. आधी यूट्यूब स्टुडिओत (चॅनेल सांभाळायचं पान) क्लेम उघडून बघा : कोणत्या सेकंदापासून कुठपर्यंत, आणि चित्रावर की आवाजावर. गाण्यावरचा क्लेम गाणं काढलं की सुटतो. पण स्टुडिओतून म्यूट करताना गाण्यासोबत तुमचे संवादही जाऊ शकतात, कारण दोन्ही एकाच ट्रॅकवर आहेत. त्यापेक्षा मूळ प्रोजेक्टमधून गाणं उडवून नव्याने चढवा. चित्रावरचा क्लेम मात्र तो भाग कापल्याशिवाय जात नाही.

10 सेकंद चालतात ही पानठेल्यावरची समजूत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांचा आकडाच नाही. सिनेमातल्या एका चित्राचा फोटो काढणंही कलम 14 नुसार मालकाचा हक्क. कलम 52 ची सूट खाजगी वापर, टीका-परीक्षण, चालू घडामोडी अशा कामांना. तुमचे संवाद त्या प्रसंगावर काही बोलतात का? पात्रं तर्रीपोह्यावरून भांडत असतील तर ते परीक्षण कसं ठरेल? विडंबनाचं नावही त्या कलमात नाही. आणि श्रेय म्हणजे परवानगी नव्हे.

क्लेमने चॅनेलवर स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याचा ठपका) पडत नाही. डिस्प्यूटला उत्तर द्यायला समोरच्याला 30 दिवस. त्याने फेटाळल्यावर अपील केलं तर 7 दिवस, आणि तेव्हा त्याने व्हिडिओ काढायची विनंती केली की स्ट्राइक. 90 दिवसांत असे 3 झाले की चॅनेल जाऊ शकतं.

इतवारीकर :
गाणं तर रस्त्यावरच वाजत होतं ना? आणि सिनेमा खूप जुना घेतला तर?

महालवाला :
धार्मिक समारंभात, वरातीत गाणं वाजवायला कलम 52 मध्ये सूट आहे. मारबत त्यात बसते का हाच वाद, आणि बसली तरी सूट तिथल्या वाजवण्याला, नंतर व्हिडिओ चढवण्याला नाही.

सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. म्हणजे 1960 चा सिनेमा 2020 संपताना मोकळा झाला. त्यातल्या गाण्याचे शब्द आणि चाल मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं बांधलेली, तेव्हा गाण्याचा तुकडा टाळा.

नाहीतर दोन मित्रांना फुटाळा तलावावर उभं करून प्रसंग स्वतःच शूट करा. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. मूळ संवाद आणि शॉट तेवढे उचलू नका.