२२०० वॉटच्या जनरेटरवर ट्रेलरचा एसी चालत नाहीये (डेन्व्हर ते मोॲब, जुलै)

मैथिली_डेन्व्हर

मंडळी, विजेतलं कळणारं कोणी असेल तर मदत हवी आहे. आम्ही हिवाळ्यात २१ फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. छतावर १३,५०० बीटीयूचा (गार करण्याच्या ताकदीचं माप) एसी, जोडणी ३० अँपिअरची. जुलैत सासू-सासरे नागपूरहून येतायत. त्यांना युटातली आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही राष्ट्रीय उद्यानं दाखवायची आहेत, आणि मुक्काम शक्यतो जवळच्या मोॲब गावाबाहेर बीएलएमच्या (सरकारी जमीन खात्याच्या) मोकळ्या जागेत. तिथे वीज नाही, म्हणून २२०० वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर घेतला.

काल दुपारी ड्राइव्हवेत लावून पाहिला. नुसता पंखा मस्त चालतो. थर्मोस्टॅट खाली आणला की काही सेकंदांनी छतावरून 'हुंम्म' असा आवाज येतो, जनरेटरचा सूर एकदम खाली बसतो आणि ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो. वीज गेली! इको स्विच (पेट्रोल वाचवायला इंजिन हळू चालवणारा) बंद ठेवूनही तेच. मध्येच एकदा कॉम्प्रेसर उचलला गेला, पण पाचेक मिनिटांनी पुन्हा लाल दिवा.

दुकानातला म्हणाला, सॉफ्ट स्टार्टर बसवा, विषय संपला. नवरा म्हणतो, मागवून टाक. मला मात्र पैसे घालण्याआधी कळायला हवं की नेमकं कमी काय पडतंय. सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर त्यांचं एकच, "एसी कायले पाह्यजे वो? एक कूलर घेऊन टाका न." असो.

वायरमन_काका

मैथिलीताई, मागवू नका अजून. मी एमएसईबीतून निवृत्त, आता मुलाकडे अल्बुकर्कीला असतो. त्याच्या ट्रेलरच्या विजेची जबाबदारी माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे हे सगळं करून झालंय.

तुमच्याकडे दोन दुखणी आहेत आणि दुकानदार एकाचंच औषध विकतोय. पहिलं दुखणं सुरुवातीचं. कॉम्प्रेसरची मोटर जागची हलताना डोळ्याचं पातं लवेपर्यंत ५०-६० अँपिअर मागते. तुमचा जनरेटर १२० व्होल्टला सलग १५ अँपिअरच देणार. सॉफ्ट स्टार्टर हा झटका निम्म्याच्याही खाली आणतो. वस्तू खरी आहे, काम करते.

पण तुम्हीच लिहिलंय की एकदा कॉम्प्रेसर उचलला गेला आणि पाच मिनिटांनी पडला. हे दुसरं दुखणं, चालू असतानाचं. त्यावर सॉफ्ट स्टार्टर शून्य उपयोगाचा.

खोक्यावरचे २२०० वॉट हे क्षणभराचे असतात. सलग मिळतात १८००. होंडाच्या ईयू२२००आय वरही हेच आकडे आहेत. तेही समुद्रसपाटीला. हवा विरळ झाली की इंजिनाचा जोर जातो, दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के. कार्ब्युरेटरमध्ये जास्त उंचीचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक तोंड) बसवला तरी ही घट राहतेच, जेटने फक्त पेट्रोल-हवेचं मिश्रण बरोबर होतं. आता तुमचं डेन्व्हर, ५,२८० फूट. १८०० मधले साडेअठरा टक्के गेले, उरले १४६० च्या आसपास. मोॲब गावात ४,००० फूट, तिथे १५४० मिळतील. पण कॅन्यनलँड्सच्या बाजूला पठारावर चढलात की ६,००० फूट, म्हणजे १४२०.

तुमच्या मापाचा एसी चालताना खातो १३०० ते १६०० वॉट. हा आकडा स्थिर नसतो, यात खरी मेख आहे. बाहेर जितकं ऊन, तितका कॉम्प्रेसरमधला दाब जास्त आणि तितके अँपिअर जास्त. म्हणून संध्याकाळी ड्राइव्हवेत 'चाललं की!' म्हणून निघालेला माणूस मोॲबला दुपारी तीन वाजता लाल दिवा बघत बसतो. लेडव्हिलसारख्या १०,००० फुटांवर जनरेटर आणखी मरतो, पण तिथे एसी लागतोच कोणाला. अडचण होते ती चार-सहा हजार फुटांच्या तापलेल्या पट्ट्यात, आणि तुम्ही नेमक्या तिथेच चाललाय.

तेव्हा आधी मोजा. क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) घ्या. तो एकाच तारेभोवती लावायचा असतो, अख्ख्या केबलभोवती लावलात तर शून्य दाखवेल. म्हणून तारा सुट्या करून दिलेली छोटी जोड-वायर मिळते, ती मध्ये घाला. मग घरच्या विजेवर, भर दुपारी, अर्धा तास एसी चालवून अँपिअर बघा.

आणि मोजण्याआधी बाकीची वीजखाऊ मंडळी बंद करा. फ्रिज गॅसवर. पाण्याचा हीटर गॅसवर, त्याचं विजेचं एलिमेंट एकटंच १४०० वॉट पिऊन बसतं. कन्व्हर्टरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या डब्याचा) ब्रेकर खाली. हा कन्व्हर्टर कोणाच्या लक्षात येत नाही. रात्री दिवे-पंखे चालवून बॅटरी उतरलेली असते, सकाळी जनरेटर लावला की तो आधी तिच्यावर तुटून पडतो आणि काहीशे वॉट गुपचूप घेतो. एसी सुरू करायची वेळ नेमकी तीच.

उनाड_बेएरिया

काकांना +१. माझा सल्ला वेगळा: छतावरच्या एसीचा नाद सोड. वॉलमार्ट किंवा होम डेपोत ५,००० बीटीयूचा खिडकीचा एसी दीडशे-दोनशे डॉलरला मिळतो, चालताना साडेचारशे-पाचशे वॉट. तुझा जनरेटर तो हसत हसत ओढेल, आवाज कमी, पेट्रोलही कमी. खिडकीत किंवा मागच्या हॅचमध्ये प्लायवूड कापून बसवायचा. दिसायला भयाण, मान्य. २१ फुटी ट्रेलर दुपारी पूर्ण गार नाही होणार, पण पडदा लावून झोपायचा भाग होईल. पाणी बाहेर टपकेल असा किंचित मागे उतार दे.

नाहीतर तसाच दुसरा जनरेटर घेऊन पॅरलल केबलने जोड. दोन मिळून उंचीची घट धरूनही मोॲबला तीन हजार वॉट. मग बहुतेक वेळा सॉफ्ट स्टार्टरही लागत नाही.

प्राजक्ता_फिनिक्स

मैथिली, तुझे सासरे तितके चुकत नाहीयेत गं. इथे आमच्याकडे जुन्या घरांवर अजून कूलर आहेत, 'स्वॉम्प कूलर' म्हणतात. तत्त्व तेच आपल्या वाळ्याच्या ताट्यांचं. मोॲबची हवा मे-जूनमध्ये इतकी कोरडी असते की १२ व्होल्टचा छोटा कूलर बॅटरीवर चालतो, जनरेटर लागतच नाही. पण दोन गोष्टी आहेत. जुलैच्या मध्यापासून मान्सून येतो (हो, आमच्याकडेही मान्सूनच म्हणतात!), ढग आणि दमटपणा आला की कूलर नुसती ओली हवा मारतो. दुसरं म्हणजे पाणी. दिवसाला कित्येक गॅलन पितो, आणि तू तर टाकीच्या पाण्यावर चार माणसांच्या आंघोळी-भांडी काढणार.

आता थोडं स्पष्ट बोलते. जुलैत मोॲबला दुपारी शंभर फॅरनहाइटच्या घरात पारा असतो. एका टाकीत एक गॅलनही पेट्रोल मावत नाही, पूर्ण लोडवर तीनेक तास चालणार. म्हणजे बारा ते सात एसी हवा तर मध्ये दोनदा बंद करून, इंजिन गार होऊ देऊन भरायचं. तुम्ही दोघं ट्रेकला गेलात आणि आई-बाबा आत झोपलेत, तर ते कोण करणार? आर्चेसच्या डेव्हिल्स गार्डन कॅम्पग्राउंडला वीज नाही आणि जनरेटर ठरावीक तासांतच लावता येतो. मोॲबजवळ बीएलएमच्याही बऱ्याच जागी आखून दिलेल्या साइटवरच उतरता येतं, शेजारी कोणीतरी असतंच.

मी असते तर उन्हाचे दिवस गावातल्या आरव्ही पार्कात, ३० अँपिअरचा विजेचा खांब असलेल्या साइटवर काढले असते. पहाटे पाचला निघून डेलिकेट आर्च, अकराला परत, एसी लावून जेवण आणि झोप. चांदण्या बघायला एखादी रात्र मोकळ्या जागेत, तेव्हा एसी नाही लागला तरी चालतो. वाळवंट रात्री निवतं. आणि खिडक्यांना आतून चंदेरी रिफ्लेक्टिक्स (ऊन परतवणारी शीट) कापून लाव, ट्रेलरची ऑनिंगची (बाहेर उघडणाऱ्या कापडी छपराची) बाजू उत्तरेकडे न ठेवता पश्चिमेकडे किंवा दक्षिणेकडे येईल असा उभा कर. फरक कळतो.

मैथिली_डेन्व्हर

काका, मोजलं! रविवारी दुपारी दोन वाजता, बाहेर ९१ फॅरनहाइट, घरच्या विजेवर, बाकी सगळं बंद करून. अर्ध्या तासानंतर १२.८ अँपिअर, व्होल्टेज ११८. म्हणजे १५१० वॉट. तुम्ही डेन्व्हरला जनरेटरचे १४६० सांगितले होते, म्हणजे चालतानाच कमी पडतंय. नवऱ्याला कागदावर मांडून दाखवलं, सॉफ्ट स्टार्टर कार्टमधून बाहेर.

प्राजक्ता, तुझं पटलं. गावातल्या पार्कात तीन रात्री बुक केल्या, पहाटेच्या ट्रेकसकट. एक रात्र बीएलएमवर. त्या दिवशी दुपारसाठी मैत्रिणीकडून तसाच दुसरा जनरेटर मागून आणला आणि पॅरलल केबलने जोडून पाहिला: एसी पहिल्या झटक्यात सुरू, तासभर चालला.

फक्त नवीनच त्रास. ट्रेलरच्या वायरला आम्ही सर्ज प्रोटेक्टर लावतो. घराला जोडलं की तो गप्प असतो, जनरेटरला जोडलं की 'ओपन ग्राउंड' (अर्थ जोडलेला नाही) म्हणतो आणि वीज आत सोडतच नाही. एसीची चाचणी त्याला काढून केली. जनरेटर बिघडलाय का?

वायरमन_काका

नाही, बिघडलेला नाही. घराच्या मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले असतात. या छोट्या इन्व्हर्टर जनरेटरांत न्यूट्रल सुटा असतो, कशालाच बांधलेला नसतो. प्रोटेक्टर ती गाठ शोधतो, सापडत नाही, म्हणून दार लावून घेतो. तो काढून मात्र चालवू नका.

उपाय स्वस्त आहे. 'न्यूट्रल-ग्राउंड बाँडिंग प्लग' तयार मिळतो: साधा तीन पिनांचा प्लग, आत न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडलेले, बाकी काही नाही. तो जनरेटरच्या मोकळ्या सॉकेटात खोचायचा. दोन जनरेटर जोडलेले असतील तरी प्लग एकाच ठिकाणी. त्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळा आणि जनरेटरच्या पिशवीतच ठेवा. घराच्या सॉकेटात किंवा पार्कातल्या खांबाला जोडलेलं असताना तो कधीही वापरायचा नाही, अर्थच्या तारेतून करंट फिरायला लागेल.

बीएलएमच्या दुपारी जनरेटर ट्रेलरपासून किमान २० फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धुराडं ट्रेलरकडे पाठ करून. लांब पडतं म्हणून बारीक एक्स्टेन्शन वायर घेऊ नका, जाड, १० गेजची घ्या, नाहीतर व्होल्टेज पडेल आणि कॉम्प्रेसर पुन्हा 'हुंम्म' करेल. ट्रेलर जुना घेतलाय ना? कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर उलटा करून मागची तारीख वाचा. त्याचं आयुष्य पाच-सात वर्षांचं असतं, हिरवा दिवा लागतोय म्हणून तो जिवंत आहे असं धरू नका. तारीख उलटली असेल तर निघण्याआधी नवा लावा आणि रात्री झोपताना जनरेटर बंद.