गुन्हा केलेल्या बाईची शिक्षा ठरवताना तिच्यावर आधी झालेले अत्याचार धरावेत का?

मुक्ता_के:
अमेरिकेच्या न्याय खात्याचा १९९९ सालचा अहवाल आहे. राज्यांच्या तुरुंगांतल्या ३९ टक्के बायकांनी सांगितलं की आत येण्याआधी आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले होते. पुरुषांत हेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आत. सिंटोया ब्राउनचं उदाहरण घ्या. एक दलाल मारझोड करून तिला धंद्याला लावत होता. २००४ मध्ये नॅशव्हिलला, वय वर्षं १६, तिने आपल्याला पैसे देऊन घरी नेणाऱ्या ४३ वर्षांच्या माणसाला गोळी घातली. जन्मठेप झाली. ५१ वर्षं आत काढल्याशिवाय सुटकेचा विचारही नाही. २०१९ मध्ये गव्हर्नरने शिक्षा कमी केली, तोवर १५ वर्षं आत गेली होती. जे तेव्हा पटलं ते निकालाच्या दिवशी का पटू नये?

दत्ता_सोलापूर:
मुक्ताताई, अर्धंच सांगितलंत. सरकारी वकिलांचं म्हणणं होतं की तो माणूस झोपेत होता आणि ती त्याचे पैसे, बंदुका, गाडी घेऊन गेली. अत्याचार सोसलेल्या लाखो बायका कुणाचा जीव घेत नाहीत. आणि तुरुंगात गेल्यावर सांगितलेलं खरं-खोटं करणार कोण?

मुक्ता_के:
न्यूयॉर्कने २०१९ मध्ये त्याचाच कायदा केला. घरगुती छळाचा गुन्ह्यात मोठा वाटा होता हे कोर्टाला पटलं तर शिक्षा कमी होते. जुन्या कैद्यांना त्यासाठी निदान दोन पुरावे द्यावे लागतात, दवाखान्याचे किंवा पोलिसांचे कागद वगैरे. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या मनोज खटल्यात आरोपीचं पूर्वायुष्य तपासायला सांगितलं, पण ते फाशीच्या प्रकरणांत.

दत्ता_सोलापूर:
घरातल्याच माणसाने नासवलेली पोर पोलिसांत जाते का? जिच्यावर सगळ्यात जास्त बेतलं तिच्याकडेच कागद नसणार. म्हणून म्हणतो, शिक्षा गुन्ह्यावर ठरू द्या, सगळ्यांना सारखी.

शुभा_जोशी:
तुम्ही दोघंही निकालापाशीच थांबलात. मी काही वर्षं एका तुरुंगाच्या महिला विभागात शिवण शिकवायला जात होते. कोर्टाची तारीख करून परत आलं की झडती. एक बाई तारखेलाच नको म्हणायची. का, ते बरेच महिने सांगेना. मग एकदा शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "काका असंच कपडे काढायला लावायचा." शिक्षा किती वर्षांची, हा तिचा प्रश्नच नव्हता. ब्रिटनमध्ये २००७ च्या कॉर्स्टन अहवालाने बायकांची विवस्त्र झडती अगदी कमीत कमी करायला सांगितली, ती याच कारणाने.

दत्ता_सोलापूर:
शुभाताई, तारीख चुकली की खटला आणखी लांबतो, म्हणजे तिचा तुरुंगही. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. झडतीचं मान्य. शिक्षेबद्दल मी आहे तिथेच आहे.