इम्होटेप: घरच्यांसोबत खेळायचा की घरच्यांशी भांडायचा?

तिसरी_चाल

ज्या खेळात माझे दगड दुसराच कुणीतरी नको तिथे नेऊन उतरवतो, त्याच्या खोक्यावर 'कौटुंबिक' लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आता या, बोला.

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 'इम्होटेप' २०१६ साली आला. डिझायनर ऑस्ट्रेलियाचा फिल वॉकर-हार्डिंग, म्हणजे 'सुशी गो' वाला. प्रकाशक जर्मनीचे कॉसमॉस. २ ते ४ खेळाडू, वय १० च्या पुढे, वेळ साधारण ४० मिनिटं. आपल्या पाळीला चारपैकी एकच गोष्ट करायची: खाणीतून तीन दगड घ्या, किंवा एक दगड होडीत ठेवा, किंवा एक होडी हाका, किंवा हातातलं निळं कार्ड वापरा. होड्या बाजार, पिरॅमिड, मंदिर, दफनकक्ष आणि ओबेलिस्क (दगडी सुळका) या पाच ठिकाणी जातात. अशा सहा फेऱ्या. नियम पाच मिनिटांत समजतात, लाकडी ठोकळे हातात धरायला छान वाटतात. इथपर्यंत कौतुकच आहे.

गोम अशी की कुठलीही होडी कुणीही हाकू शकतो. त्यात त्याचा एक दगड नसला तरी! दहा वर्षांचं पोर तीन पाळ्या खर्चून पिरॅमिडसाठी होडी भरतं आणि काका शांतपणे ती बाजाराच्या धक्क्याला लावतात. स्वतःचा फायदा शून्य, फक्त पोराचा बेत मोडायचा. याला व्यूहरचना म्हणायचं? आमच्याकडे मी नियम बदललाय: होडीत ज्याचा दगड, त्यालाच ती हाकायचा हक्क.

गुलाम_चौकट

बदाम सात खेळलात का हो कधी? हातात अठ्ठी दाबून बसलेल्या आत्याला कुणी 'कौटुंबिक नाही' म्हणत नाही. अडवाअडवी नसेल तर पत्ते कशाला, सगळ्यांनी मिळून शेंगा सोलाव्या.

श्टुटगार्टकर

असहमत, आणि जरा सविस्तर लिहितो. (गाव कॉसमॉसचं असलं तरी त्यांचा माझा काही संबंध नाही, आधीच सांगितलेलं बरं.)

धागाकर्त्याने सांगितलेला प्रसंग घडतो, पण तो का घडतो ते पाहा. पोराने होडी *एकट्याने* भरली. या खेळात एकट्याची होडी म्हणजे आमंत्रणच. दर फेरीत चार होड्या आणि पाच धक्के असतात, एका धक्क्याला एका फेरीत एकच होडी लागते. म्हणजे मला पिरॅमिडला जायचं असेल तर माझ्यासारखंच पिरॅमिड हवं असलेल्याच्या शेजारी मी दगड ठेवायला हवा. मग ती होडी तिथे नेण्यात दोघांचा स्वार्थ असतो, आणि दोघांतला कुणीतरी तिसऱ्याच्या आधी हाकतो. प्रतिस्पर्ध्याशी न बोलता भागीदारी करायची, हेच तर या खेळाचं मर्म आहे. तुमच्या नियमाने नेमकं तेच जातं. प्रत्येकजण प्रत्येक होडीत एकेक दगड टाकून हक्क मिळवणार, आणि मग आधी कोण हाकतो एवढीच शर्यत उरणार.

दुसरं, मोठ्या होडीला चार जागा असल्या तरी तीन दगड चढले की ती हाकता येते. म्हणजे 'अजून एक चढवू दे, मग नेतो' हा मोह आवरायचा की नाही, याचा हिशेब दर पाळीला करावा लागतो. नवशिके इथेच फसतात आणि दोष काकांना देतात.

तिसरं, दगड होडीच्या पुढच्या टोकापासून मागे या क्रमाने उतरतात, आणि होडीतली कुठलीही रिकामी जागा निवडायची मुभा असते. बाजारात पुढच्याला कार्डांची पहिली निवड. पिरॅमिडवर प्रत्येक जागेचे गुण वेगळे, त्यामुळे एका जागेचा फरकही महागात पडतो. दफनकक्षात आपले दगड एकमेकांना लागून पडले तर गट मोठा होतो: एकटा दगड १ गुण, दोघांचा गट ३, तिघांचा ६, चौघांचा १०, पाचांचा १५. म्हणजे होडी 'चुकीच्या' ठिकाणी गेली तरी काहीतरी हाताला लागतंच. कुठलाच धक्का कोरडा नाही. काकांनी पोराचे तीन दगड बाजारात नेले, तर पोराला तीन कार्डं मिळाली. त्यातली एखादी तरी कामाची निघतेच.

तिसरी_चाल

@श्टुटगार्टकर, हे सगळं पटण्यासारखं आहे, पण हा मुरलेल्या खेळाडूंचा हिशेब झाला. खोक्यावर १०+ लिहिलंय. चौघं खेळताना माझ्या दोन पाळ्यांच्या मध्ये तिघं काहीतरी करतात, तोवर पट ओळखू येत नाही. बेत करायचाच कशाला? दर वेळी समोर जे उरलंय त्यातलं बरं ते उचलायचं. यात चातुर्य लागतं हे मान्य, पण पोरांना 'पुढचा विचार कर' शिकवायला म्हणून लोक हा खेळ घेतात, ते यातून साधत नाही.

आणि ओबेलिस्कबद्दल कुणीच बोललं नाही. शेवटी सर्वांत उंच त्याला १५, मग १०, ५ आणि १. एकाने सुरुवातीलाच चार-पाच दगडांची आघाडी घेतली की बाकीचे त्याची होडी तिकडे जाऊच देत नाहीत. खेळ संपेपर्यंत एका माणसावर सगळ्यांची नजर.

अनुस्वार

चौघांचं भांडण परवडलं, दोघांत खेळून पाहा! तिथे तुझा तोटा तो सरळ माझा फायदा, त्यामुळे प्रत्येक होडी पळवण्यात अर्थ असतो. आम्ही नवरा-बायको २०१८ च्या 'इम्होटेप: द ड्युएल'वर आलो. एक नेफरतिती राणी, एक अखेनातेन राजा, आणि प्रत्येकाच्या वास्तू आपापल्या वेगळ्या. चिडणं आहेच, पण आपली वास्तू आपल्यासमोर दिसते, म्हणून राग लवकर उतरतो. धागाकर्त्याला बहुधा हेच हवंय.

जुनी_नाणी

खेळाच्या गणितात पडत नाही, इतिहासाचं सांगतो. तोही या वादात कुणाच्या बाजूने जातो ते गमतीचं आहे.

इम्होटेप हा तिसऱ्या राजवंशातल्या जोसेर राजाचा अधिकारी. सक्कारा इथला पायऱ्यांचा पिरॅमिड, सहा टप्पे आणि सुमारे ६० मीटर उंची, त्याच्या नावे सांगितला जातो. काळ इसवी सनापूर्वी २७ वं शतक. ओबेलिस्कचे ते उंच अखंड ग्रॅनाइटचे सुळके मात्र त्याच्या कितीतरी शतकांनंतरचे, त्यांचा खरा भर 'नवं राज्य' म्हणतात त्या नंतरच्या काळात. अस्वानच्या खाणीत एक अर्धवट कोरलेला आजही आडवा पडलाय, सुमारे ४२ मीटरचा. भेग गेली म्हणून सोडून दिला. तेव्हा खेळाचं नाव आणि पटावरच्या वास्तू यांचा काळाशी मेळ नाही. ते चालतं, खेळ आहे.

पण दगड होडीतून नेणं शंभर टक्के खरं. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पिएर ताले यांच्या चमूला पपायरस सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी नाईलच्या पूर्व काठावरच्या तुरा खाणीतून चुनखडी होडीत भरायची आणि गिझाला पोचवायची, हे त्याच्या टोळीचं काम. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. वर अंखहाफ नावाचा राजघराण्यातला बडा अधिकारी देखरेखीला. म्हणजे दगड कुठून निघाला, कुठे गेला, रात्री मुक्काम कुठे पडला, सगळं लिहिलेलं. मेरेरच्या होडीवर तिसराच कुणी चढून 'चला, ही बाजारात नेऊ' म्हणाला असता तर त्याचं काय झालं असतं, कल्पना करा. त्यामुळे 'ज्याचा दगड त्याची होडी' हा धागाकर्त्याचा नियम इजिप्तच्या जास्त जवळचा.

श्टुटगार्टकर

@जुनी_नाणी, माहिती फर्मास, निष्कर्ष अमान्य. मेरेरकडे *एक* राजा आणि *एक* पिरॅमिड होता. खेळात चार वास्तुकार एकाच पिरॅमिडवर आपापले पांढरे, काळे, तपकिरी, करडे दगड चढवून श्रेय लाटतात. हा नियम तिथे लावायचा तर स्पर्धाच काढून टाका आणि सगळ्यांनी मिळून खुफूला खूश करा. तसा खेळ वाईट नाही होणार, पण तो हा खेळ नव्हे.

२०१६ च्या श्पील देस यारेसच्या, म्हणजे 'वर्षातला खेळ' या जर्मन पुरस्काराच्या, अंतिम तिघांत हा होता, 'कोडनेम्स' आणि 'कारुबा'बरोबर. तो मुख्य पुरस्कार, घरगुती खेळांचाच. जाणत्या खेळाडूंसाठी वेगळा पुरस्कार आहे. म्हणजे परीक्षकांना तरी हा कौटुंबिकच वाटला.

तिसरी_चाल

जिंकला 'कोडनेम्स'. एवढंच नमूद करतो.

अनुस्वार

एक विचारते. पोरांबरोबर खेळताना सरसकट नियम बदलण्यापेक्षा पहिल्या दोन फेऱ्या तुमचा नियम आणि मग मूळ नियम, असं कुणी करून पाहिलंय का? पोराला निदान होड्यांचा क्रम आणि धक्क्यांचे गुण तोवर कळलेले असतात. आणि मोठ्यांनी धक्क्यांच्या पटांची 'ब' म्हणजे उलटी बाजू पोरांसमोर काढू नये, ही विनंती. ती चिडायला आणखी कारणं देते.

तिसरी_चाल

दोन फेऱ्यांची कल्पना बरी आहे. सहापैकी दोन म्हणजे फार नाही. पण चौथ्या फेरीला काकांनी होडी पळवल्यावर 'आता चालतं' हे पोराला समजावायला तुम्ही या.

गुलाम_चौकट

एक शंका राहिली. बाजारात निळं 'तरफ' कार्ड मिळतं ना, ते खेळलं की होडी हाकायची आणि दगड कुठल्या क्रमाने उतरवायचे तेही आपणच ठरवायचं. तुमच्या नियमात होडीत आपला दगड नसेल तर ते वापरता येतं का?

तिसरी_चाल

येतं. बाजारातून कमावलंय, तेवढा हक्क द्यायला हवा.

गुलाम_चौकट

म्हणजे होडी पळवायला तुमची हरकत नाही, आधी परवाना काढावा एवढंच म्हणणं आहे.