'सिंडेमिक'ला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडहून विचारणा:
वस्तीपातळीवर काम करणाऱ्या आरोग्यसेविकांसाठी बायकांच्या मानसिक आरोग्यावर टिपण लिहिते आहे. 'सिंडेमिक' म्हणजे परिस्थितीमुळे एकत्र येऊन एकमेकांना वाढवणारी दुखणी; त्यासाठी 'सहव्याधी' चालेल का?

धायरीहून:
नाही चालणार, ताई. सहव्याधी म्हणजे एका आजाराच्या जोडीला दुसरा, शुगर आहे आणि बीपीही आहे, एवढंच. मेरिल सिंगर या वैद्यकीय मानववंशशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात 'सिंडेमिक' हा शब्द रूढ केला, तेव्हा त्याच्यासमोर अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या गरीब वस्त्या होत्या. तिथे नशा, हिंसा आणि एड्स नुसते शेजारी नांदत नव्हते, एकमेकांना खतपाणी घालत होते. एमिली मेंडेनहॉल यांनी पुढे शिकागोतल्या स्थलांतरित मेक्सिकन स्त्रियांमध्ये मधुमेह, नैराश्य आणि हिंसा यांचा असाच संबंध दाखवला. म्हणजे तीन गोष्टी हव्यात: दुखणी एकत्र असणं, त्यांनी एकमेकांना वाढवणं, आणि या सगळ्याला परिस्थितीने पोसणं. सहव्याधीत फक्त पहिली येते.

आपल्याकडचं घ्या. पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. शुगर आहे, नवरा पिऊन मारतो. रात्रीची झोप नाही, सतत धास्ती, त्यानेही साखर चढते. मन उदास झालं की गोळ्या चुकतात, खाण्याची आबाळ होते, साखर आणखी चढते. अंगात त्राण नाही म्हणून खाडे, खाड्यांचे पैसे कापले जातात, त्यावरून घरात पुन्हा मारहाण. आणि दवाखान्यात? शुगरचा केसपेपर एका खिडकीवर, मनाचा दुसऱ्या, मारहाणीचा कुठेच नाही. याचा मला मनापासून राग येतो.

मी 'गुंतसाथ' सुचवतो.

येरवड्याहून:
मी आरोग्यसेविका आहे. गुंतसाथ अहवालात ठीक आहे, दारात नको. 'साथ' म्हटलं की बायका विचारतात, कुणाकडून लागली? एकेकीबद्दल लिहिताना 'एकमेकांत गुंतलेली दुखणी' असं सरळ लिहा.

आणि 'नैराश्य' हा शब्द कुणीच वापरत नाही. त्या म्हणतात, जीव घाबरतो, डोकं भणभणतं, कशात मन लागत नाही, टेन्शन आलंय. 'अंगावर काढतेय' हे तर रोजचं. मी ते ऐकलं की थांबते. दुखणं अंगावर काढणारी बाई बहुधा आणखी काही अंगावर काढत असते.

रक्ताचंही लिहाच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलं तरी थकवा, मन खचलं तरी थकवा. लोहाच्या गोळ्या देऊन मोकळं झालं की दुसरं कारण तसंच राहतं. उलटंही होतं, 'तुझ्या मनाचंच आहे' म्हणून परत पाठवतात आणि हिमोग्लोबिन तपासतच नाहीत.

कोथरूडहून:
पटलं. शीर्षकात 'गुंतसाथ (सिंडेमिक)', आत सगळीकडे 'गुंतलेली दुखणी'. प्रश्नावलीत 'उदास वाटतं का?' काढून 'जीव घाबरतो का? झोप लागते का? घरात कुणाची भीती वाटते का?' घालते.

येरवड्याहून:
शेवटचा प्रश्न सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर विचारू नका, तसं टिपणात ठळक लिहा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही द्या. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.