मदत हवी आहे: टाईप १ डायबेटिसच्या मुलांसाठी शाळांना लेखी आदेश निघावा म्हणून पालकांनी नक्की कुठे धडकायचं?

नमस्कार मंडळी,

एरवी वाचनमात्र असते, पण आता खरंच अडलंय. माझी मुलगी चौथीत आहे, टाईप १ डायबेटिस आहे तिला. गोड खाऊन झालेला नाही, तिचं शरीर इन्शुलिन बनवतच नाही, इंजेक्शनं रोज घ्यावीच लागतात (हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पहिला प्रतिसाद कारल्याच्या रसाचा येणार). शाळेत काम एवढंच असतं की डब्याच्या आधी शुगर बघायची, इन्शुलिन घ्यायचं, आणि शुगर ७० च्या खाली गेली तर लगेच ग्लुकोज किंवा साखरपाणी घेऊन १५ मिनिटांनी परत बोट टोचून बघायचं.

पण शाळा म्हणते सुई वर्गात चालणार नाही, तिच्या दंडावर शुगर मोजणारा सेन्सर आहे त्याचा मोबाईल आणायला बंदी, आणि पीटीला तिला कडेला बसवतात कारण "काही झालं तर जबाबदारी कोणाची". गेल्या वर्षीच्या बाई स्वतःच्या पर्समध्ये ग्लुकोज ठेवायच्या, कधी फोन करायची वेळ आली नाही. जूनमध्ये बाई बदलल्या की आमचं परत पहिल्यापासून सुरू, म्हणजे माझ्या मुलीची तब्येत दरवर्षी कोणती बाई येते त्यावर अवलंबून! म्हणून आता कागद हवाय.

डॉक्टरांच्या ओपीडीत ओळख झालेल्या पालकांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात झेडपीच्या शाळेतली मुलं आहेत, इंग्लिश मीडियमची आहेत, सीबीएसईची पण आहेत. सगळ्यांनी मिळून शोधलं तेव्हा कळलं की राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मार्च २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र पाठवलंय की या मुलांना शाळेत शुगर तपासू द्या, इन्शुलिन घेऊ द्या, डॉक्टर सांगतील तसं मधे खाऊ द्या, खेळू द्या. उत्तर प्रदेशने त्याच वर्षी जुलैमध्ये शाळांना तसे आदेश पण काढले. सीबीएसईने तर २०१७ मध्येच बोर्डाच्या परीक्षेत फळं, सँडविच, साखरेच्या गोळ्या न्यायला परवानगी दिलीय. हे सगळं प्रिंट काढून शाळेत नेलं तर म्हणाले आम्ही सीबीएसई नाही, शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आणा, आणि तिकडे गेलो तर उत्तर मिळालं की वरून आदेश आल्याशिवाय आम्ही पत्र देत नाही. आता हे "वर" म्हणजे नक्की कोण?

आणि मोठी अडचण वेगळीच आहे. ग्रुपवर सगळे तावातावाने बोलतात पण सही करायची म्हटली की शांतता. विशेषतः मुलींचे आईबाप. नाव बाहेर गेलं तर पुढे लग्नाचं कसं, हा प्रश्न दुसरीतल्या मुलीसाठी! हसू नका, मी त्यांना दोष देत नाही, माझ्याही सासूबाईंनी अजून गावाला सांगितलेलं नाही.

तर संस्था रजिस्टर करावी का, आमदारांकडे जावं का, कोर्टात जावं का, आणि सह्या न देणाऱ्यांना कसं सोबत घ्यावं? अनुभव असलेल्यांनी प्लीज लिहा.

---

सह्यकडा: ताई, कोर्ट आत्ता नको. आम्ही आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांसाठी भांडलो आहोत. ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने नियम बदलला होता की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेने त्या जागा द्यायची गरज नाही, तो हायकोर्टाने १९ जुलैला रद्द केला. पण तिथे हक्क कायद्यात आधीच लिहिलेला होता, तो काढून घेतला म्हणून भांडता आलं. तुमच्या हातात आत्ता फक्त शिफारस आहे. आधी माहिती अधिकार टाका, १० रुपयांचं काम: आयोगाच्या २०२३ च्या पत्रावर शालेय शिक्षण विभागाने काय कार्यवाही केली, पत्रव्यवहार आणि फाइलवरचे शेरे द्या. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "कार्यवाही नाही" असं उत्तर आलं तरी तोच तुमचा पहिला कागद. आणि अर्ज एकाच माणसाच्या नावाने जातो, त्यात मुलांची नावं लागत नाहीत.

मुक्ताई: दिव्यांग कायद्याचा आधार घ्या असं कोणी सांगितलं तर घेऊ नका. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल आहेत, डायबेटिस नाही. त्या मुद्द्यावर अर्ज परत येईल आणि दोन महिने फुकट जातील.

पाटीदप्तर: झेडपीवाल्या पालकांना म्हणावं शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या. तिथे ७५ टक्के सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला, फक्त आपल्याकडे ते सगळे सह्यांपुरते येतात तो भाग वेगळा. खाजगी विनाअनुदानित शाळेत ही समिती नसते, तिथे फी कायद्याखालची पीटीए (पालक-शिक्षक संघ) आहे, तिची कार्यकारी समिती सोडत काढून होते. तिचं मुख्य काम फीचं, पण विषय मांडायला काय जातंय? ठरावात मुलाचं नाव कशाला, "शाळेतील टाईप १ मधुमेही विद्यार्थ्यांना" एवढंच लिहायचं. असे चार-पाच शाळांचे ठराव, वर डॉक्टरांचं लेटरहेडवर पत्र, आणि ते घेऊन आमदारांकडे. नुसतं निवेदन देऊन फोटो काढून येऊ नका, विधानसभेत तारांकित प्रश्न विचारा म्हणावं, त्याचं उत्तर विभागाला द्यावं लागतं. दप्तराच्या ओझ्याचा २०१५ चा जीआर (मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त दप्तर नको) हायकोर्टात जनहित याचिका होती म्हणून निघाला, आणि तरी आमच्या गल्लीतली पोरं वाकूनच चालतात. तेव्हा जीआरच्या मसुद्यातच लिहून मागा की शाळेत जबाबदार शिक्षक कोण, शुगर उतरल्यावर त्याने काय करायचं आणि त्याला ट्रेनिंग कोण देणार.

रजिस्ट्रेशनची घाई नको. सात माणसं लागतात, मग अध्यक्ष कोण यावरून ग्रुप फुटतो. पाहिलंय.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार, फाइलवरचे शेरे मागता येतात हे माहीतच नव्हतं. आरटीआय मी माझ्याच नावाने टाकते, तेवढं धाडस आहे. डॉक्टर पत्र द्यायला तयार आहेत. @पाटीदप्तर, ठरावाचा मराठी नमुना मिळेल का? आमच्या झेडपीवाल्या ताईंच्या शाळेत पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे आणि त्या म्हणतायत की तोंडी बोलले तर हेडसर चहा पाजून पाठवतील.

पाटीदप्तर: व्यनि (खाजगी निरोप) केलाय. त्यात "विनंती" शब्द आहे तो काढून "ठराव सर्वानुमते मंजूर" करा, आणि इतिवृत्ताची झेरॉक्स त्याच दिवशी शिक्क्यासकट घ्या.