मदत हवी आहे : दमल्याचं मुलाला कळतच नाही, एकदम कोसळतो

अबोली

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत. पाचव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं, गेल्या वर्षी एडीएचडीचंही (लक्ष टिकत नाही, चळवळ जास्त). बोलतो छान, वाचतो छान. आम्ही डोंबिवलीत राहतो, शाळा व्हॅनने ३५ मिनिटांवर. "वर्गात अजिबात त्रास नाही, गुणी आहे," असं बाई सांगतात.

घरी आला की दाराशी बूट काढतानाच बिनसतं. मोजा पायाला चिकटला, पाण्याचा पेला रोजचा नाही, एवढ्यावरून किंकाळ्या आणि भिंतीवर डोकं आपटणं. वीसेक मिनिटांनी ओसरतं. मग पलंगाखाली जाऊन पडतो, हाक मारली तरी ओ देत नाही. काही दिवशी याच्या अगदी उलट. संध्याकाळी सातला सोफ्यावरून उड्या, घरभर गोल गोल धावणं, हसणं थांबतच नाही. सासूबाई म्हणतात, बघ अजून किती ताकद आहे पोरात. अर्ध्या तासाने तोच पोर ताटावर बसून रडत असतो.

गणपतीत मालवणजवळ गावी गेलो होतो. पाचही दिवस आरतीला हा झांजा घेऊन सगळ्यांच्या पुढे. इतका आनंदात मी त्याला फार कमी वेळा बघितलंय. परत आल्यावर चार दिवस शाळेत जाऊ शकला नाही, बोलणं दोन-दोन शब्दांवर आलं. तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. ज्यातून त्याला आनंद मिळतो त्यातही तो संपतो. हे त्याला सांगायचं कसं?

थेरपिस्टताईंनी रंगांचा तक्ता दिला होता, लीआ कायपर्स यांच्या 'झोन्स'चा. निळा म्हणजे मंद, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे चळवळ वाढलेली, लाल म्हणजे ताबा सुटलेला. हा कायम "हिरवा" म्हणतो. एकदा किंचाळता किंचाळता "हिरवा" म्हणाला. मग फ्रिजवर मोबाइलच्या बॅटरीचं चित्र लावलं, वर चुंबकाचा बाण. बाण कायम १००वर. "दमलास का?" विचारलं की "माहीत नाही". तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच माहीत नसतं, असं मला वाटतं.

ज्याला दमणं आतून जाणवत नाही, त्याला ते ओळखायला कसं शिकवायचं? आणि जिथे तो इतका गुणी वागतो त्या शाळेला काय सांगायचं? "मोठा झाला की होईल ठीक" एवढं कृपया लिहू नका, ते आम्ही रोज ऐकतो.

दिंडीदरवाजा

संध्याकाळी ग्राउंडवर सोडा, नाहीतर पोहायला घाला. एनर्जी जिरली की शांत झोपेल. माझ्या पुतण्याला खूप फरक पडला.

अबोली

धन्यवाद. पोहायला घातलं होतं, पाणी म्हणजे त्याचा जीव. पण क्लोरीनचा वास, शिट्ट्या, कपडे बदलायच्या खोलीतला गलका. परतताना रिक्षातच रडारड व्हायची.

सुगरणीचं घरटं

अबोलीताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मुलाला न बघता उपचार सांगणार नाही, पण काही गोष्टी लिहिते.

तुमचा अंदाज बरोबर वाटतो. भूक, तहान, शू लागणं, थकवा या आतल्या खुणा ओळखण्याला आम्ही इंटरोसेप्शन म्हणतो. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना या खुणा उशिरा कळतात, किंवा एकदम सगळ्या मिळून कळतात. अशा मुलाला "किती दमलास, आकडा सांग" म्हणणं म्हणजे काटा नसलेल्या घड्याळात वेळ बघायला सांगणं. आणि "हिरवा" म्हटलं की मोठी माणसं खूश होतात, हे मुलं पहिल्या आठवड्यात शिकतात. रंगांचा तक्ता वाईट नाही, पण एक रंग 'शहाणा' ठरला की तो परीक्षेतल्या उत्तरासारखा होतो.

म्हणून काही दिवस विचारणं बंद करा. बाहेरून काय दिसतं ते बघा. कोसळण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी कान लाल होतात का? कॉलर चावतो? आवाज चढतो? तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो? प्रत्येक मुलाच्या दोन-तीन ठरलेल्या खुणा असतात. त्या सापडल्या की प्रश्न न करता नुसतं बोलून दाखवायचं : "तू कॉलर चावतोयस, कदाचित दमला असशील." कदाचित हा शब्द ठेवा, कारण शरीर त्याचं आहे. स्वतःचंही मोठ्याने सांगा : "माझे खांदे जड झालेत, मी दहा मिनिटं पडते." आपण दमतो ते मुलांना दिसतच नाही, कारण आपण दमल्यावर चिडतो, दमलो असं म्हणत नाही.

सातच्या उड्यांबद्दल. ती बऱ्याचदा उरलेली ताकद नसते. थकलेला मेंदू स्वतःला जागं ठेवायला शरीर हलवत असतो. तिथे आणखी पळवलं की घसरण वाढते. त्यापेक्षा जड कामं द्या : कणीक तिंबणं, अर्धी बादली उचलून नेणं, उशांच्या ढिगाखाली दबून पडणं. शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास एकही प्रश्न नको, "आज काय झालं?" हासुद्धा नको. पाणी, खाणं, मंद उजेड.

एक विचारायचं राहिलं. एडीएचडीचं औषध चालू आहे का? मिथाइलफेनिडेट उतरताना काही मुलं चिडचिडी होतात, आणि त्याने भूक मरत असल्यामुळे डबा तसाच परत येतो. वेळा डॉक्टरांशी बोलून घ्या. सोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. लोह कमी असलेलं मूल दमणारच, त्याला तक्ता काय करणार?

अर्धविराम

मी ३४ वर्षांची. मला ऑटिझम आहे हे ३१व्या वर्षी कळलं. शाळेत मीही 'गुणी' होते. घरी आल्यावर कपाटात बसायचे. आईला वाटायचं शाळेत कुणी मारतं, पण मारत कुणीच नव्हतं. दिवसभर चेहरा कसा ठेवायचा, कधी हसायचं, कुणाकडे बघायचं, हे सगळं मी मोजून करत होते. अभ्यास हा माझा आराम होता. जीव जायचा मधल्या सुट्टीत.

म्हणून काय दमवतं याचा अंदाज तुम्ही बांधू नका. गणितापेक्षा डब्याची वीस मिनिटं महाग असू शकतात.

चमच्यांची कल्पना तुम्ही ऐकली असेल. ल्युपस हा दीर्घकाळ चालणारा आजार असलेल्या क्रिस्टीन मिसेरँडिनो या अमेरिकन बाईंनी ती २००३ मध्ये मांडली. मैत्रिणीच्या हातात चमचे दिले, चमचे म्हणजे दिवसभराची ताकद, आणि दिवसातल्या एकेका कामाला एकेक काढून घेतला. मोठेपणी मला तिचा फार आधार झाला. पण आठ वर्षांची असताना मला कुणी चमचे दिले असते तर मी ते उंचीप्रमाणे लावत बसले असते. मुलाच्या मनात आधीपासून असलेलीच गोष्ट घ्यावी. तुमच्या मुलाला कशाचं वेड आहे?

अबोली

तुमचं वाचून रडू आलं. त्याला सोसायटीच्या पाण्याचं वेड आहे. पालिकेचं पाणी किती वाजता येतं, खालची टाकी कधी भरते, मोटर कधी लावायची, वरच्या टाकीचा फ्लोट कुठे आहे, सगळं पाठ. वॉचमनकाका त्याला रोज सकाळी मोटरचं बटण दाबू देतात.

अर्धविराम

मग चित्र फ्रिजवर कशाला, ते तुमच्या गच्चीवरच आहे. :)

चौथी सीट

मी पुण्याचा, लेक बारा वर्षांची. शाळेविषयी लिहितो. "घरी खूप त्रास होतो" सांगून काही होत नाही, शाळेला ते घरचं प्रकरण वाटतं. आम्ही दोन आठवडे वही ठेवली. रोज फक्त वेळ, त्या दिवशी शाळेत काय होतं, आणि घरी किती वाजता बिनसलं. पीटीच्या आणि गॅदरिंगच्या तालमीच्या दिवशी हमखास. ती वही घेऊन मुख्याध्यापकांना भेटलो आणि तीनच गोष्टी मागितल्या : अर्धी मधली सुट्टी लायब्ररीत, तालमीच्या दिवशी गृहपाठ माफ, आणि बाकावर ठेवायचं एक कार्ड. कार्ड उलटं केलं की न विचारता पाच मिनिटं बाहेर. कार्ड पहिले तीन महिने तिने वापरलंच नाही. बाईंनी स्वतःहून दोनदा "चल, ही वही ऑफिसात देऊन ये" म्हणून बाहेर काढलं, तेव्हा जमायला लागलं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी देणं शाळेवर बंधनकारक आहे. कायद्याची भाषा पहिल्या भेटीत काढू नका, पण माहीत असू द्या.

अबोली

दिवाळीनंतर धागा वर काढतेय. सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते, सगळं जमलेलं नाही.

फेरिटिन कमी निघालं, औषध सुरू आहे. वही ठेवल्यावर कळलं की सर्वात वाईट दिवस मंगळवार आणि गुरुवार. त्या दिवशी व्हॅनमध्ये आणखी चार मुलं असतात आणि गाणी लावतात. आम्ही इतके दिवस वर्गाचाच विचार करत होतो. त्या दोन दिवशी आता बाबा आणतात. शाळेने लायब्ररीला अजून हो म्हटलेलं नाही, पुन्हा जाणार आहे.

टाकीचं चित्र त्याने स्वतः काढलं, गच्चीवरची काळी टाकी, फ्लोटसकट. मी 'दमणे' हा शब्दच काढला नाही. आईच्या टाकीत आज किती, बाबांच्या टाकीत किती, एवढंच बोलत होतो. तिसऱ्या आठवड्यात त्याने सासूबाईंना सांगितलं, "आजी, तुझी टाकी दुपारी झोपल्यावर भरते." स्वतःच्या टाकीबद्दल मात्र गप्प. आरतीचं मी त्याला असं सांगितलं की आवडीचा नळ असला तरी पाणी त्याच टाकीतून येतं. त्यावर तो बराच वेळ विचार करत होता.

दिवाळीत किल्ला केला. तासन् तास माती कालवली, दगड वाहिले आणि त्या संध्याकाळी एकदाही बिनसलं नाही. सुगरणताई, तुमची जड कामं तीच.

परवा सात वाजता पुन्हा तेच, सोफ्यावरून उड्या, हसणं. मी काही बोलले नाही, उशा खाली टाकल्या आणि बाजूला बसले. पाच-सात उड्यांनंतर थांबला, कॉलर तोंडात. म्हणाला, "आई, खालच्या टाकीत पाणी नसताना मोटर लावली की खूप आवाज करते. कोरडी चालते. तापते." मी म्हटलं, हो, मग वॉचमनकाका काय करतात?

"बंद करतात," म्हणाला आणि उशांखाली जाऊन पडला. मी लाइट घालवला. जेवायला अर्धा तास उशीर झाला, पण तो ताटावर रडला नाही.